खर्च कोणत्या खात्यात : वीज कंपन्यांतील नवकल्पनांच्या अडचणींची पार्श्वभूमी

उच्चदाब वाहिनीतून किती वीज वाहू द्यायची, हे शेवटी तारेच्या तापमानावर ठरते. तार तापली की लांबते, दोन मनोऱ्यांच्या मध्ये तिचा झोळ वाढतो आणि जमिनीपासूनचे सुरक्षित अंतर कमी होते. म्हणून प्रत्येक वाहिनीला एक कमाल मर्यादा घालून दिलेली असते आणि ती ठरवताना वाईटात वाईट हवामान गृहीत धरण्याची प्रथा आहे : हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, तारेवर कडक ऊन आणि वारा सेकंदाला जेमतेम ०.६ मीटर. प्रत्यक्षात वर्षातले बहुतेक तास हवा याहून थंड आणि वारा याहून जोराचा असतो, म्हणजे तीच तार मर्यादेपेक्षा बरीच जास्त वीज सुखरूप वाहून नेऊ शकते. त्यातही योगायोग असा की पवनचक्क्या ज्या वाऱ्याने जोरात फिरतात, तोच वारा शेजारच्या तारांनाही थंड करत असतो. तारेचा ताण किंवा तापमान मोजणारे सेन्सर बसवून ही मर्यादा तासातासाला बदलती ठेवण्याचे तंत्र १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहे आणि नवी वाहिनी उभारण्याच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ आहे. तरीही पुढची तीस वर्षे बहुतेक ठिकाणी ते प्रयोगापलीकडे गेले नाही आणि वाऱ्याची वीज 'वाहिनीत जागा नाही' या कारणाने बंद ठेवली जात राहिली.

हरित स्थित्यंतराच्या, म्हणजे कोळसा-तेलाकडून वारा-सूर्याच्या विजेकडे वळण्याच्या, चर्चेत वीज कंपन्यांवर सुस्त आणि जुनाट असा शिक्का सहज मारला जातो. त्यात तथ्य अजिबात नाही, असे नाही. परंतु या व्यवसायाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर अधिक वजनदार कारण वेगळेच दिसते. येथे एखाद्या कल्पनेचे भवितव्य तिच्या गुणदोषांइतकेच, तिच्यावरचा खर्च हिशेबाच्या कोणत्या खात्यात बसतो यावरही ठरत आले आहे. सेन्सरचे तंत्र तीस वर्षे रेंगाळण्यामागेही तंत्रज्ञांचे अज्ञान हे कारण नव्हते.

नियंत्रित वीज कंपनीचे दर ठरवताना नियामक भांडवली खर्च आणि महसुली खर्च वेगवेगळे धरतो. उपकेंद्र, ट्रान्सफॉर्मर, तारा, खांब हा भांडवली खर्च. तो कंपनीच्या मान्य भांडवलात जमा होतो आणि त्यावर ठरावीक दराने परतावा मिळतो. पगार, देखभाल, भाड्याने घेतलेल्या सेवा हा महसुली खर्च; तो ग्राहकांकडून जसाच्या तसा वसूल करता येतो, पण त्यावर नफा नसतो. समजा, एका भागातील वाढत्या मागणीसाठी १०० एकक खर्चून उपकेंद्र बांधता येते आणि मान्य परतावा ८ टक्के आहे. पहिल्या वर्षी कंपनीच्या भागधारकांना ८ एकक मिळतात आणि भांडवल फिटेपर्यंत, म्हणजे तीस-चाळीस वर्षे, उतरत्या क्रमाने मिळत राहतात. तीच गरज ग्राहकांना संध्याकाळचा वापर पुढे-मागे करण्यासाठी दरवर्षी ३ एकक मोबदला देऊन भागत असेल, तर ग्राहकांचा फायदा उघड आहे, परंतु भागधारकांच्या हाती काहीच लागत नाही. या गणितात कोणाचीही लबाडी नाही. कंपनी तिला आखून दिलेल्या नियमांप्रमाणे वागते आणि ते नियम यंत्राला झुकते माप देतात.

ही व्यवस्था मुळात का आली, हे थोडक्यात सांगता येते. १८८२ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्क येथे पहिली सार्वजनिक वीजकेंद्रे सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत एकाच रस्त्यावर दोन-तीन कंपन्यांच्या तारा अशी स्थिती अनेक शहरांत आली. १९०७ मध्ये अमेरिकेतील काही राज्यांनी नियामक आयोग नेमले तेव्हा झालेली तडजोड सरळ होती : कंपनीला ठरावीक क्षेत्रात मक्तेदारी, त्या बदल्यात मागेल त्याला वीज देण्याचे बंधन आणि गुंतवणुकीवर वाजवी परतावा. त्या काळाची गरज भांडवल उभे करण्याची होती आणि या नियमाने ते उभे राहिले. वीजकेंद्रे मोठी होत गेली, वीज स्वस्त होत गेली आणि मागणी वाढतच राहिली. सुधारणा होत होत्या, पण त्या प्रामुख्याने टर्बाइन व ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या उद्योगांत होत होत्या. वीज कंपनीचे काम पुढचे, अधिक मोठे यंत्र विकत घेण्याचे. १९६२ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी गणिताने दाखवून दिले की परताव्याचा मान्य दर भांडवलाच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल गुंतवते. त्या वेळी या निष्कर्षाने फारसे कोणी अस्वस्थ झाले नाही, कारण मागणी इतकी वेगाने वाढत होती की आजचे जादा उपकेंद्र पाच वर्षांत पुरे पडेनासे होई.

त्याच दशकात एक गोष्ट शांतपणे थांबली. वाफेच्या केंद्रांची कार्यक्षमता वाढेनाशी झाली. सुरुवातीच्या केंद्रांत इंधनातील उष्णतेचा अगदी थोडा भाग विजेत उतरत असे. १९६० च्या दशकात चांगल्या केंद्रांनी ४० टक्क्यांच्या आसपास मजल मारली आणि तेथेच धातूंच्या सहनशक्तीची भिंत लागली. यापुढे मोठे म्हणजे स्वस्त हे समीकरण राहिले नाही, परंतु परताव्याचा नियम मात्र त्याच समीकरणावर बेतलेला राहिला. १९७३ च्या तेलसंकटानंतर मागणीची वाढ मंदावली, व्याजदर चढले आणि अर्धवट बांधलेल्या अणुवीज केंद्रांचे खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाले. १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अणुकेंद्रांसाठी काढलेले २.२५ अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. १९८८ च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरमधील एका वीज कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. महामंदीनंतर अशी वेळ आलेली ती पहिली मोठी खासगी वीज कंपनी होती.

नवकल्पनांच्या दृष्टीने यातला सर्वांत दूरगामी भाग न्यायालयात घडला. वीजदरात कोणता खर्च धरायचा यासाठी नियामकांकडे दोन कसोट्या होत्या आणि त्या सतत एकमेकींत गुंतत. पहिली कसोटी विवेकाची : निर्णय घेताना उपलब्ध असलेल्या माहितीवरून तो शहाणपणाचा होता का? दुसरी कसोटी उपयोगाची : बांधलेली वस्तू आज वापरात आहे का आणि ती ग्राहकाच्या कामी येते का? पहिली निर्णयाच्या क्षणाकडे पाहते, दुसरी परिणामाकडे. शहाणपणाने घेतलेला निर्णय फसला, तर पहिलीप्रमाणे खर्च मिळतो, दुसरीप्रमाणे मिळत नाही. पेनसिल्व्हेनियात अर्ध्यावर सोडलेल्या अणुकेंद्रांचा खर्च नाकारणारा कायदा होता आणि निर्णय घेताना कंपन्यांनी विवेक राखला होता हे मान्य असूनही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तो कायदा वैध ठरवला. अणुकेंद्रांच्या संदर्भात या निकालामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. ग्राहकांनी कधीही न मिळालेल्या विजेचे पैसे का द्यावेत? पण कंपन्यांच्या संचालक मंडळांनी त्यातून घेतलेला धडा फक्त अणुकेंद्रांपुरता नव्हता. सिद्ध झालेल्या वस्तूवर ठरावीक परतावा आहे. नव्या वस्तूवर यश आले तरी तोच परतावा आणि अपयश आले तर पूर्ण तोटा. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याची सवय या व्यवसायाला त्या दशकात लागली.

अटलांटिकच्या पलीकडे, जर्मनीच्या उत्तर समुद्राकाठी, अपयशाचा वेगळा नमुना उभा होता. सरकारी संशोधन निधी आणि वीज कंपन्यांचा सहभाग यांतून १९८३ मध्ये ३ मेगावॅटची एक प्रचंड पवनचक्की सुरू झाली. सुमारे १०० मीटरचा मनोरा, तितक्याच व्यासाचे दोन पात्यांचे चक्र. त्या काळी जगातली सर्वांत मोठी. चक्राच्या मध्यभागी भेगा दिसू लागल्या आणि १९८७ पर्यंतच्या साऱ्या आयुष्यात ती जेमतेम ४२० तास चालली. वीज कंपनीने पवनऊर्जेकडे पाहिले ते मोठ्या वाफेच्या केंद्राच्या सवयीने, म्हणजे पहिल्याच पावलाला मोठे यंत्र. त्याच काळात डेन्मार्कमध्ये शेतीची अवजारे बनवणारे कारखाने काही दहा किलोवॅटच्या छोट्या पवनचक्क्या बनवत होते, त्या मोडत होत्या, दुरुस्त होत होत्या आणि दरवर्षी थोड्या मोठ्या होत होत्या. १९९३ मध्ये जर्मन वीज कंपन्यांनी वृत्तपत्रांत जाहिरात देऊन सांगितले की सूर्य, पाणी आणि वारा मिळून दीर्घ मुदतीतही देशाच्या विजेच्या गरजेपैकी ४ टक्क्यांहून अधिक भाग भागवू शकणार नाहीत. २०२३ मध्ये तेथील वापरातला नूतनक्षम विजेचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. या जाहिरातीची आजही कुचेष्टा होते, पण तिच्यामागे नुकत्याच पाडलेल्या त्या यंत्राचा अनुभव होता, हे विसरले जाते.

१९९० च्या दशकातील विभाजनाने आणि खासगीकरणाने चित्र बदलले, पण अपेक्षित दिशेने नाही. चिलीने १९८२ च्या कायद्याने सुरुवात केली, इंग्लंड-वेल्सने १९९० मध्ये आणि नॉर्वेने १९९१ मध्ये बाजार खुला केला. निर्मिती, पारेषण, वितरण आणि विक्री वेगळी झाली. स्पर्धेमुळे निर्मितीत नवे खेळाडू आले, हे खरे. तारांच्या व्यवसायात मात्र मक्तेदारी कायम राहिली आणि तिच्यावर महागाईच्या दरातून ठरावीक कपात करणारी किंमतमर्यादा आली. पाच वर्षांच्या फेरीत जितकी बचत कराल तितकी तुमची, असा तो नियम होता. संशोधनाचे फळ पाच वर्षांत क्वचितच मिळते, म्हणून सर्वांत आधी संशोधनाच्या प्रयोगशाळा बंद झाल्या. ब्रिटनच्या वितरण कंपन्यांचा संशोधनखर्च शतक संपता संपता उत्पन्नाच्या तुलनेत नगण्य झाला होता. शिवाय महसुली खर्चातली बचत आणि भांडवली खर्चातली बचत यांना वेगवेगळे बक्षीस असल्यामुळे एखादी दुरुस्ती 'नवे बांधकाम' म्हणून दाखवण्याकडे कल वाढला आणि तिचे खाते कोणते यावर नियामक व कंपन्या वर्षानुवर्षे वाद घालत राहिले.

या सगळ्यात एक मोठे यश ठळकपणे वेगळे दिसते. इटलीतील सर्वांत मोठ्या वितरण कंपनीने २००१ पासून पाच-सहा वर्षांत तीन कोटींहून अधिक घरांत दुरून वाचता येणारे मीटर बसवले आणि त्यावर सुमारे २.१ अब्ज युरो खर्च केले. तेव्हा हरित स्थित्यंतराचा विषयही कोणाच्या मनात नव्हता. वीजचोरी, थकबाकी, मीटरवाचनासाठी फिरणारी माणसे आणि वारंवार कराव्या लागणाऱ्या जोडण्या-तोडण्या, या रोजच्या डोकेदुखीवरचा तो उपाय होता. खर्च भांडवली खात्यात बसला, बचत कंपनीच्या स्वतःच्या वहीत दिसली आणि नियामकाने वाटेत अडथळा आणला नाही. या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळणे किती दुर्मीळ आहे, हे पुढच्याच प्रयोगाने दाखवले.

तो प्रयोग म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरातला. २००८ च्या मार्चमध्ये तेथील वीज कंपनीने जाहीर केले की सुमारे एक लाख वस्तीचे हे शहर देशातले पहिले संपूर्ण 'स्मार्ट ग्रिड' शहर होईल. ट्रान्सफॉर्मर स्वतःहून बिघाड कळवतील, घरातले उपकरण विजेच्या दरानुसार चालू-बंद होईल, छतावरची सौरवीज आणि मोटारींच्या बॅटऱ्या ग्रिडशी बोलतील, असे चित्र रंगवले गेले. अनेक तंत्रज्ञान कंपन्या भागीदार म्हणून आल्या. वीज कंपनीचा स्वतःचा वाटा तेव्हा सुमारे १.५ कोटी डॉलर धरला होता. संदेशवहनासाठी शहरभर फायबरची केबल टाकायची आणि तेथून पुढे घरापर्यंत विजेच्या तारेवरूनच माहिती न्यायची, असा आराखडा होता. केबलचा बराच भाग जमिनीखालून न्यावा लागला आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या शहरात खाली खडक लागला. खोदाईने अंदाज कोलमडला आणि खर्च ४.४५ कोटी डॉलरवर गेला. सुमारे २३,००० मीटर बसले. दरम्यान इतर शहरांनी हेच काम रेडिओ संदेशांनी, खोदाई न करता सुरू केले होते आणि बोल्डरची निवड काम पूर्ण होण्याआधीच मागे पडली.

खरा पेच त्यानंतर आला. सुरुवातीला प्रयोग म्हणून मांडलेला हा प्रकल्प कंपनीने दरनिश्चितीत नेला आणि तो फक्त बोल्डरच्या नव्हे, तर राज्यभरातील आपल्या सर्व ग्राहकांच्या बिलात समाविष्ट करण्याची मागणी केली. इतका मोठा प्रकल्प नियामकाची पूर्वपरवानगी न घेता का सुरू केला, हा पहिला आक्षेप. दुसरा अधिक टोकदार होता : शहराबाहेरच्या ग्राहकाला यातून काय मिळाले? कंपनीचे उत्तर होते की प्रयोगातून मिळालेले ज्ञान सर्वांच्या कामी येईल. २०११ च्या सुरुवातीला आयोगाने २.७९ कोटी डॉलर मान्य केले आणि उरलेले १.६६ कोटी राखून ठेवले. प्रकल्पाचा पुढचा आराखडा आणि ग्राहकांचा लाभ दाखवून दिल्यास त्यांचा पुन्हा विचार होणार होता. कंपनीने पुन्हा अर्ज केला, सुनावणी झाली आणि २०१३ मध्ये ते १.६६ कोटी कायमचे नाकारले गेले.

हा निर्णय योग्य होता का, यावर या क्षेत्रात आजही एकमत नाही. ग्राहकांच्या बाजूने पाहिले तर आयोगाने आपले काम चोख केले. अंदाजपत्रक तिप्पट होते, परवानगी मागाहून मागितली जाते आणि लाभ मोजून दाखवता येत नाही, तर तो खर्च राज्यभरातल्या कुटुंबांच्या गळ्यात का मारावा? पण निकालाचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. कंपनीने तीच रक्कम जुन्या धाटणीच्या उपकेंद्रात घातली असती, तर ते अर्धे रिकामे राहिले असते तरी आयोगाने बहुधा एक डॉलरही नाकारला नसता. उपकेंद्र उभे दिसते, त्याला वीज जोडलेली असते, म्हणून ते उपयोगाच्या कसोटीला सहज उतरते. प्रयोगाचा माल हा ज्ञान असतो, आणि फसलेल्या प्रयोगाचे ज्ञान अनेकदा यशस्वी प्रयोगाइतकेच मोलाचे असते, परंतु ते वहीत मालमत्ता म्हणून लिहिण्याची सोयच नव्हती. 'येथे फायबर नको, रेडिओ घ्या' हा धडा देशातल्या कित्येक कंपन्यांनी फुकट वापरला; त्याची किंमत एकाच कंपनीच्या भागधारकांनी आणि एकाच राज्याच्या ग्राहकांनी मोजली. प्रस्तुत लेखकाच्या मते आयोगाची चूक रक्कम नाकारण्यात नव्हती. प्रयोग आणि बांधकाम यांना एकच फूटपट्टी लावणारा नियम तेव्हा प्रचलित होता आणि प्रयोगासाठी वेगळी, आधीच मर्यादा घातलेली तरतूद तेथे नव्हती, ही खरी उणीव होती.

बोल्डरचा परिणाम शहरापुरता राहिला नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये तेथील मतदारांनी, हवामानविषयक उद्दिष्टांसाठी, स्वतःची नगरपालिका वीज कंपनी काढण्याला निसटत्या बहुमताने कौल दिला. जवळपास दहा वर्षांच्या कोर्टकचेऱ्यांनंतर, नोव्हेंबर २०२० मध्ये, मतदारांनीच तो प्रयत्न थांबवला. इतर कंपन्यांनी मात्र आपले प्रयोग लहान केले, त्यांना 'पथदर्शी' असे नाव दिले आणि एक पथदर्शी प्रकल्प संपला की दुसऱ्या जागी तसाच दुसरा सुरू करण्याची पद्धत रूढ झाली.

नेमकी हीच उणीव ब्रिटनच्या नियामकाने काही प्रमाणात ओळखली होती. २००५ मध्ये त्याने वितरण कंपन्यांना उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यापर्यंतचा संशोधनखर्च ग्राहकांकडून वसूल करण्याची मुभा दिली. २०१० मध्ये पाच वर्षांसाठी ५० कोटी पौंडांचा स्वतंत्र निधी उभारला गेला. कंपन्यांनी त्यासाठी स्पर्धा करायची आणि निष्पन्न, यश असो वा अपयश, सर्वांसाठी जाहीर करायचे, अशी अट होती. त्याच वर्षी हिशेबाच्या मुळावरच हात घातला गेला. भांडवली की महसुली हा भेद न करता एकूण खर्चाचा एकच ठरावीक भाग, त्या फेरीत ८५ टक्के, परताव्याच्या खात्यात जाईल असा नियम बहुतेक तारांच्या खर्चाला लागू झाला आणि २०१३ पासून पारेषण व गॅस, तर २०१५ पासून वीजवितरणाच्या दरनिश्चितीत तो पक्का झाला. सेन्सर घेतला काय किंवा तार ओढली काय, दोन्ही मार्गांना सारखाच परतावा. याउलट इटलीच्या नियामकाने २०१० मध्ये निवडक स्मार्ट ग्रिड प्रयोगांना बारा वर्षे २ टक्के जादा परतावा दिला. हा मार्ग सोपा होता, पण त्यात बक्षीस खर्चाला होते, परिणामाला नव्हते. यंत्राकडचा जुना कल त्यातून आणखी पक्का होण्याचा धोका होता.

अमेरिकेत सर्वांत धाडसी पाऊल न्यूयॉर्कमध्ये पडले. ब्रुकलिन आणि क्वीन्स भागांतली मागणी २०१८ पर्यंत उपकेंद्रांच्या क्षमतेबाहेर जाणार होती आणि नव्या उपकेंद्राचा खर्च १ अब्ज डॉलरच्या घरात होता. डिसेंबर २०१४ मध्ये आयोगाने कंपनीला त्याऐवजी २० कोटी डॉलरपर्यंत खर्चून ५२ मेगावॅटची गरज दुसऱ्या मार्गांनी भागवण्याची परवानगी दिली. त्यातले बहुतांश काम ग्राहकांच्या बाजूचे, म्हणजे दिवे बदलणे, इमारतींतील वापर आटोक्यात आणणे, साठवण. महत्त्वाचा भाग पुढचाच आहे. हा खर्च मालमत्ता असल्यासारखा दहा वर्षांत फेडायचा, त्यावर नेहमीचा परतावा मिळवायचा आणि उद्दिष्टे गाठल्यास एक टक्क्यापर्यंत वरचे बक्षीस, अशी सोय आदेशात होती. दुसऱ्याच्या घरातला दिवा कंपनीच्या वहीत ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसला.

बॅटरीचा घोळ मात्र इतक्या सहजी सुटला नाही, आणि तो शब्दाचा घोळ होता. वीज साठवणारी बॅटरी म्हणजे नेमके काय? ती वीज घेते तेव्हा ग्राहक, देते तेव्हा निर्मितिकेंद्र आणि वाहिनीवरचा ताण कमी करते तेव्हा ग्रिडचाच एक भाग. विभाजनाच्या कायद्यांनी या तिघांना वेगळे केले होते, त्यामुळे प्रत्येक देशात तिला कोठेतरी कोंबावे लागले. ब्रिटनमध्ये तिला निर्मिती मानले गेले. इंग्लंडच्या बेडफर्डशायरमधील लेटन बझर्ड येथे वितरण कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ६ मेगावॅट क्षमतेची, १० मेगावॅट-तास साठवणारी बॅटरी सुरू केली. तिसरी वाहिनी आणि जादा ट्रान्सफॉर्मर टाळणे हा तिचा हेतू होता. पण तो ताण हिवाळ्यातल्या मोजक्या संध्याकाळीच येई आणि उरलेल्या वेळी बॅटरी बाजारात वापरून खर्च वसूल करणे तिच्यावर बसवलेल्या परवान्याच्या चौकटीत थेट शक्य नव्हते. तिसऱ्या पक्षांशी करार करून ते काम त्यांच्यामार्फत करावे लागले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने वितरण कंपन्यांना, अपवाद वगळता, साठवणीची मालकी घेण्यास मनाई केली. यामागे बाजारातील स्पर्धेची रास्त काळजी आहे. पण ज्या कंपनीला आपल्या फीडरवरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरणवाहिनीवरची, नेमकी अडचण माहीत आहे, तिलाच उपाय हाती घेता येत नाही, हा त्याचा दुसरा परिणाम आहे. ब्रिटनने २०२३ च्या कायद्यात साठवण हा निर्मितीचा वेगळा पोटप्रकार आहे, अशी व्याख्या केली. पेच संपला नाही, त्याला नाव मात्र मिळाले.

छतावरच्या सौरविजेचा वाद यापेक्षा अधिक गाजला, म्हणून त्याचा येथे थोडक्यात उल्लेख पुरेसा आहे. नेव्हाडा राज्याच्या आयोगाने डिसेंबर २०१५ मध्ये नेट मीटरिंगचा, म्हणजे छतावरची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीचा, मोबदला कमी केला आणि तो आधी पॅनेल बसवलेल्या ग्राहकांनाही लागू केला. सौर कंपन्यांनी राज्य सोडले, सप्टेंबर २०१६ मध्ये जुन्या ग्राहकांना सवलत परत मिळाली आणि २०१७ मध्ये कायदाच बदलला. तारांचा स्थिर खर्च युनिटच्या दरातून वसूल करण्याची जुनी सोय, ग्राहक स्वतः वीज बनवू लागताच गैरसोय ठरली, हे त्यामागचे कारण होते.

सर्वच अडचणी हिशेबाच्या नाहीत, हेही नोंदवायला हवे. जर्मनीत छतावरची सौरवीज ग्रिडला जोडणाऱ्या इन्व्हर्टरना ग्रिडची वारंवारता ५०.२ हर्ट्‌झच्या वर गेली की बंद व्हा, असा नियम घालून दिला होता. पॅनेल थोडी होती तोवर तो निरुपद्रवी होता. लाखो पॅनेल एकाच क्षणी बंद पडली तर अख्ख्या युरोपच्या ग्रिडला हादरा बसेल, हे लक्षात आल्यावर २०१२ पासून तीन लाखांहून अधिक संचांची सेटिंग बदलावी लागली. आयर्लंडच्या ग्रिडचालकाने उलट वाट धरली. फिरत्या जड यंत्रांचे जडत्व कमी झाल्यावर ग्रिड किती तग धरेल, हे प्रत्यक्ष चाचण्यांनी पाहत त्याने एका क्षणी वारा-सौर यांसारख्या स्रोतांचा कमाल वाटा ५० टक्क्यांवरून पायरीपायरीने वाढवत २०२२ मध्ये ७५ टक्क्यांवर नेला. बारा वर्षांच्या या कामात कोठेही चमकदार उद्घाटन झाले नाही आणि बहुधा म्हणूनच त्याची चर्चा कमी होते.

अलीकडची वर्षे पुन्हा त्याच खात्याच्या प्रश्नाकडे येतात. स्वतःच्या इमारतीत सर्व्हर बसवला तर भांडवल, तीच संगणकसेवा क्लाउडवरून भाड्याने घेतली तर महसुली खर्च, या भेदामुळे कंपन्या जुन्या पद्धतीचे संगणक विकत घेत राहिल्या. २०१६ मध्ये अमेरिकेतील राज्य नियामकांच्या संघटनेने दोन्हींना समान वागणूक देण्याचा ठराव केला, पण अंमलबजावणी राज्याराज्यांवर राहिली. दुसरीकडे रांग वाढत गेली. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत ग्रिडला जोडणी मागणारे प्रकल्प सुमारे २,६०० गिगावॅटचे होते, म्हणजे देशातल्या सर्व चालू केंद्रांच्या एकूण क्षमतेच्या दुपटीच्या आसपास. नव्या वाहिन्यांना मंजुरी आणि बांधकामासाठी दहा-दहा वर्षे लागत असताना असलेल्या तारांतून अधिक वीज नेणे हा सर्वांत जवळचा उपाय होता. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील संघीय नियामकाने पारेषण कंपन्यांना वाहिन्यांची मर्यादा हवेच्या प्रत्यक्ष तापमानानुसार ठरवण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी जुलै २०२५ ची मुदत घातली. वारा त्या आदेशात सक्तीचा नव्हता. वारा आणि ऊनही मोजावे का, याविषयी जून २०२४ मध्ये त्याने सूचना मागवल्या. सेन्सरवरच्या खर्चावर कंपन्यांना परतावा कसा द्यायचा, हा प्रश्न २०२१ च्या आदेशात सोडवलेला नाही.